प्रवाळाचे रक्षण : कोणी करावे आणि कोणाच्या अधिकाराने?

एखादे कृत्य चांगले आहे, पण ते करण्याचा अधिकार अन्यायाने मिळविलेला आहे, तर त्या कृत्याला चांगले म्हणावे काय? हा प्रश्न जुना आहे आणि नुसता हवेत ठेवून तो सुटत नाही. घडलेल्या एखाद्या प्रकरणावर तो घासून पाहावा लागतो. असे एक प्रकरण आपल्याच हिंदी महासागरात घडले आहे.

मालदीवच्या दक्षिणेस सुमारे ५०० किलोमीटरवर चागोस नावाचा द्वीपसमूह आहे. साठेक लहान लहान बेटे, बहुतेक पोवळ्यांच्या कंकणाकृती रांगांवर उभी राहिलेली. आमच्या शाळेच्या भिंतीवरील नकाशात त्याला एक टिंबही मिळालेले नाही. ब्रिटनने १ एप्रिल २०१० रोजी येथील सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित म्हणून जाहीर केला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. मासेमारीचे जुने परवाने त्याच वर्षी संपले आणि व्यापारी मासेमारी पूर्ण बंद झाली. असे एवढे मोठे क्षेत्र तेव्हा जगात दुसरे नव्हते. अडीच लाखांहून अधिक लोकांनी या कल्पनेला सह्या करून पाठिंबा दिला होता.

या बंदीची गरज खरी होती. पोवळे हा दगड नसून जीव आहे. बोटाच्या पेराहून लहान असे असंख्य जीव चुन्याचे घर बांधतात, त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हातून अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला पोसते. मोठी गोलाकार पोवळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माणसाच्या उंचीचा एक प्रवाळ दीडदोनशे वर्षांचा असतो. त्यावर वाढणारे मोठे शैवाल पोपटमाशासारखे मासे खरवडून खातात. ते मासे नाहीसे झाले की शैवाल माजते आणि नव्या पोवळ्याला बसायला जागा उरत नाही. तेव्हा मासे काढून घेणे म्हणजे केवळ मासे काढून घेणे नव्हे. त्या वसाहतीचा झाडूवालाच काढून घेणे होय, आणि झाडूवाल्याशिवाय वसाहतीचे काय होते हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

खोल समुद्रात ट्युनासाठी चालणारी व्यापारी मासेमारी आणखी वेगळी आहे. एकेका जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीची दोरी आणि तिला हजारो गळ. त्यांना ट्युना लागतो तसाच शार्कही लागतो. दुसरा प्रकार पर्ससीन जाळ्याचा. कोकणातल्या लहान मच्छीमाराला हे नाव चांगले ठाऊक आहे, कारण त्याच जाळ्याविरुद्ध तो वर्षानुवर्षे भांडत आला आहे. थवाच्या थवा वेढायचा आणि बटव्याची दोरी ओढावी तशी तळाची दोरी ओढायची. पोटासाठी मासा धरणाऱ्याची भूक संध्याकाळपर्यंत भागते, पण भांडवल गुंतवून समुद्रात उतरणाऱ्याची भूक भागावी अशी व्यवस्थाच नसते. म्हणून व्यापारी जहाजांना अशा दूरच्या समुद्रातून हाकलणे न्याय्य आहे, याबद्दल मला शंका नाही.

शंका दुसरीकडे आहे. या बेटांचे वर्णन करताना ‘निर्मनुष्य’ हा शब्द फार गोडीने वापरला जातो. ती निर्मनुष्य कशी झाली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर व मोझांबिककडून गुलाम आणून येथे नारळाचे मळे लावले. पुढे हिंदुस्थानातूनही करारबद्ध मजूर गेले. गुलामी संपली तरी मळे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे जन्मलेली, स्वतःची क्रिओल बोली असलेली एक जमात तयार झाली. १९६५ साली, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वी, ब्रिटनने हा द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि १९६६ साली दिएगो गार्सिया हे सर्वांत मोठे बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी देण्याचा करार केला. मग १९६८ ते १९७३ या काळात सगळ्या रहिवाशांना, म्हणजे दीड ते दोन हजार माणसांना, मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यांचे कुत्रे १९७१ साली खोबरे वाळविण्याच्या शेडमध्ये कोंडून मारले. १९६६ सालच्या सरकारी टिपणांत या माणसांचा उल्लेख रॉबिन्सन क्रूसोच्या नोकराच्या नावाने केलेला आहे. येथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी उरणार नाहीत, असेही एका टिपणात थट्टेने लिहिले आहे. माणसाला त्याच्या जागेवरून उठवायचे तर आधी त्याचे माणूसपण कागदावरून पुसावे लागते. ते काम तेथील सुशिक्षित अधिकाऱ्यांनी सुंदर इंग्रजीत केले.

आता २०१० च्या घोषणेकडे पुन्हा पाहावे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या वकिलातीची मे २००९ ची एक तार विकिलीक्सने उघड केली. संरक्षित क्षेत्र झाले की जुन्या रहिवाशांचे परत येण्याचे दावे जवळजवळ निकालात निघतील, असे ब्रिटिश अधिकाऱ्याने सांगितल्याची नोंद तीत आहे. ब्रिटिश न्यायालयांनी मात्र हा हेतू सिद्ध झाला असे मानले नाही. हेही नमूद केले पाहिजे, अर्धा पुरावा सांगणे आपल्याला शोभत नाही. पण मी हेतूवर अडून बसत नाही. हेतू शुद्ध होता असे धरून चालू. तरीसुद्धा परत येणाऱ्याला तेथे पोटाचा धंदा म्हणून मासे धरता येणार नव्हते. मळे तर सरकारने आधीच विकत घेऊन बंद केले होते. मासेमारी बंद, मळे बंद, मग माणसाने तेथे जाऊन काय करावे, पोवळी मोजावीत?

दिएगो गार्सिया आणि त्याच्या लगतचे पाणी या संरक्षित क्षेत्रातून वगळले होते, हे विशेष. तळावरील माणसांना फावल्या वेळात गळ टाकण्यास मोकळीक राहिली. धावपट्टीच्या बांधकामासाठी याच बेटाची पोवळी सुरुंगाने उडवून, उपसून वापरली गेली होती. हकालपट्टी झालेल्याचा गळ निसर्गाला घातक आणि सैनिकाचा गळ करमणूक, हा भेद शास्त्राच्या कोणत्या पुस्तकात आहे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माशाला काय कळते, कायदा कोणी केला? शार्क वाचला तो वाचला. इतिहासाच्या भांडणासाठी शंभर वर्षांचा प्रवाळ मरू द्यावा काय? मुळीच मरू देऊ नये. चोराने चोरीच्या विहिरीवर कठडा बांधला म्हणून परत मिळाल्यावर कोणी कठडा पाडत नाही. पण कठडा बांधल्यामुळे विहीर चोराची होत नाही, आणि ‘मी कठडा बांधला, आता तू पाणी भरायला येऊ नकोस’ असे मालकाला म्हणण्याचा अधिकारही त्याला मिळत नाही. दुसऱ्याने न दिलेले घेणे हा दोष, घेतलेल्या वस्तूची उत्तम निगा राखल्याने फिटत नसतो.

दुसरा आक्षेप असा की, माणसे परत आली तर प्रवाळ बिघडेल. यात काही तथ्य आहे, ते नाकारू नये. माणसांच्या जहाजांतूनच या बेटांवर उंदीर आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदीर असलेली आणि नसलेली अशी येथील बेटे तुलनेसाठी घेतली होती. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्षी कितीतरी पटींनी अधिक, त्यांच्या विष्ठेतील नत्र वाहून समुद्रात जाते आणि लगतच्या प्रवाळावर माशांचे एकूण वजन सुमारे निम्म्याने जास्त आढळते. म्हणजे मळेवाल्याने जमिनीवर केलेली चूक समुद्राला आजवर भोवते आहे. तथापि मळ्याचा नफा खाल्ला कोणी आणि बेटावरून हुसकावले कोणाला? शिवाय उंदीर नाहीसे करण्याचे कष्टाचे काम तेथे राहणाऱ्या माणसाइतके जिव्हाळ्याने कोण करील? साडेसहा लाख चौरस किलोमीटरवर पहारा करायला एखाददुसरे गस्ती जहाज पुरत नाही. श्रीलंकेच्या आणि आपल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होड्या शार्कसाठी तेथे शिरतात, पकडल्या जातात आणि पुन्हा शिरतात. त्यांवरचे खलाशीही गरिबीनेच तेथवर गेलेले असतात.

शिवाय बंदीने न थांबणारा एक शत्रू आहे. १९९८ साली समुद्र तापला आणि चागोसची उथळ पाण्यातील बहुतेक पोवळी पांढरी पडून मेली. वर्षानुवर्षांनी ती सावरली, तोच २०१५-१६ मध्ये पुन्हा तसेच घडले. त्या उष्णतेचा धूर चागोसच्या माणसाच्या चुलीतून निघालेला नव्हता. ज्यांच्या कारखान्यांतून तो निघाला त्यांना स्वतःच्या घरात काही बंद करणे अवघड जाते, पण दूरच्या बेटावर दुसऱ्याचे जाळे बंद करणे सोपे जाते.

स्वतःहून स्वीकारलेल्या संयमाचे उदाहरण पाहायचे तर पॅसिफिकमधील पलाऊकडे पाहावे. तेथे प्रमुखांनी एखाद्या प्रवाळावर काही काळ मासे धरणे थांबवायचे, अशी ‘बुल’ नावाची जुनी रीत आहे. त्याच विचाराने तेथील लोकप्रतिनिधींनी २०१५ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२० पासून आपल्या सागरी क्षेत्राच्या ८० टक्के भागात मासेमारी बंद केली. किरिबाटीने फिनिक्स बेटांभोवती १ जानेवारी २०१५ पासून व्यापारी मासेमारी थांबविली होती. परवान्यांचे उत्पन्न बुडते म्हणून २०२१ साली तिच्या सरकारने ते क्षेत्र पुन्हा उघडण्याचे जाहीर केले. मला त्याचे वाईट वाटते, पण दोष देताना हात आखडतो. एका गरीब देशाच्या संयमाचे कौतुक सगळ्या जगाने करायचे आणि त्याची किंमत त्या देशाने एकट्याने मोजायची, हा कसला हिशेब?

चागोसच्या बाबतीत १८ मार्च २०१५ रोजी आंतरराष्ट्रीय लवादाने, मॉरिशसशी योग्य विचारविनिमय न करता क्षेत्र जाहीर करण्यात समुद्रविषयक कायद्याचा भंग झाला, असा निर्णय दिला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, द्वीपसमूह तोडणेच बेकायदेशीर होते, असे मत दिले. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसकडे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे. मॉरिशसला इतर बेटांवर लोक पुन्हा वसविता येतील, दिएगो गार्सियावर नाही.

हा करार ठरविण्याच्या बैठकींत दोन सरकारे बसली होती. ज्यांना १९७३ पर्यंत जहाजात घालून नेले त्यांची जागा त्या टेबलावर नव्हती. सह्या होण्याच्या आदल्या रात्री दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन महिलांच्या वतीने लंडनच्या न्यायालयात धाव घेतली गेली आणि पहाटे तात्पुरती मनाई मिळाली. दुपारपर्यंत ती उठली आणि त्याच दिवशी सह्या झाल्या.