सीताफळाचा भुंगेरा आणि शत्रू-मित्रांची यादी

शेतीविषयक पुस्तिकांतून कीटकांची मित्रकीड आणि शत्रुकीड अशी जी सरधोपट वाटणी केलेली असते, ती सीताफळाच्या फुलापाशी टिकत नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुकच्या परिसरात बांधावर वाढणारे झाड असो की पुरंदरमधील लागवडीची बाग, या फुलाकडे मधमाशी फारशी फिरकत नाही. तेथे येतो तो निटिड्युलिडी कुळातील, म्हणजे आंबलेल्या रसावर व कुजक्या फळांवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातील, दोन-तीन मिलिमीटरचा कार्पोफिलस. शृंगिकांच्या टोकाची गाठ आणि आखूड पंखावरणांबाहेर उघडे राहिलेले पोटाचे टोक यांवरून तो ओळखता येतो.

सीताफळाच्या एकाच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर असतात. मात्र स्त्रीकेसर आधी पक्व होतात आणि पराग सुटेपर्यंत त्यांचा काळ बहुधा सरलेला असतो. तीन मांसल पाकळ्या प्रथम जेमतेम फटीएवढ्या उघडतात, पिकल्या फळासारख्या वासाने ओढलेला भुंगेरा आत शिरतो, आणि पुढे पाकळ्या पसरून पराग सुटला की तो अंगावर घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातो. हे झाड मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. तरी समुद्र ओलांडून आल्यावर त्याचे अडले नाही, कारण त्या वासाला भुलणारे भुंगेरे येथेही होते. फळाचा प्रत्येक डोळा स्वतंत्र स्त्रीकेसरापासून घडतो, म्हणून जेथे पराग पोहोचत नाही तेथे फळ खुरटते आणि वेडेवाकडे होते.

बागस्वच्छतेचे पुरस्कर्ते गळलेले प्रत्येक फळ वेचून पुरण्यास सांगतात. परंतु भुंगेऱ्याची पैदास कुजक्या फळांतच होते. त्याचे पाळणाघर मोडायचे आणि मग ब्रशने फुलाफुलाला पराग लावत मजुरी मोजायची, हा व्यवहार कोणाच्या हिताचा? इस्राएलमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सीताफळवर्गीय झाडांच्या नैसर्गिक परागीभवनात याच भुंगेऱ्यांचे काम दाखवून दिले आहे.

तरीही हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेता येत नाही. गळलेल्या फळांत फळमाशीच्या अळ्याही वाढतात. शिवाय फळे ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येतात आणि बहर मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडाशी असतो, तेव्हा शरदातील कुजके फळ राखून त्या बहराला थेट लाभ होईल असे म्हणणे कठीण आहे. म्हणजे स्वच्छतेचा आग्रह हंगामापुरता रास्तच ठरतो; चूक आहे ती तो बारमाही धरण्यात. बहराच्या वेळी केळीच्या किंवा अननसाच्या सालींचा आंबता ढीग बागेच्या कडेला, भुंगेरा ये-जा करील पण त्याहून कितीतरी मोठी फळमाशी अडेल अशा जाळीखाली ठेवणे, हे दोन्ही पक्षांना मान्य होण्याजोगे आहे.