गर्भातला दुष्काळ

जून १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात, मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादेत पुरले आणि काही महिन्यांनी शव आग्र्याला नेले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच दिवसांत शहराबाहेर काय चालले होते, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन दुष्काळात होरपळत होते. १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्याला निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी बऱ्हाणपूरवरून गेला. वाटेत पडलेली प्रेते त्याने लिहून ठेवली आहेत. तुकारामांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, तो हाच दुष्काळ. बादशहाने शहरात लंगर उघडले. मुमताजच्या त्या शेवटच्या बाळंतपणातली गौहरआरा पंचाहत्तर वर्षे जगली. लंगराच्या दारी आलेल्या गरोदर बायांच्या पोटातल्या मुलांचे काय झाले, याची नोंद दरबारी इतिहासकारांना ठेवावीशी वाटली नाही.

अशी नोंद तीन शतकांनी हॉलंडमध्ये झाली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांचे रक्त सुमारे साठ वर्षांनी तपासले गेले. वाढीशी निगडित ‘आयजीएफ-२’ या जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्यात कमी आढळल्या. उपासमारीबाहेर गर्भात आलेल्या त्यांच्याच सख्ख्या भावंडांत त्या अधिक होत्या. जनुकाची अक्षरे बदलली नव्हती. ती किती आणि केव्हा वाचायची, याची व्यवस्था बदलली होती.

आपल्याकडे मधुमेह निघाला की घरातले म्हणतात, ‘आमच्या घराण्यातच साखर आहे.’ ते खोटे नाही, पण अर्धेच आहे; बाकीची गोष्ट जन्माआधी, गर्भातच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा गरोदरपणाआधीपासून मागोवा घेतला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच होती. पुण्यातल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिनही त्यांच्या अंगलटीच्या मानाने जास्त सापडले. म्हणजे बाळाने आईचे दूधही चाखलेले नसते, तेव्हाच त्याची संप्रेरके चरबी साठवण्याच्या कामाला लागलेली असतात.

हे घडते वारेतून. आईच्या रक्तातली साखर, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे वारेतून बाळाकडे जातात. आईच्या ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, वार बऱ्याच अंशी निष्प्रभ करते, पण पुरते नाही. बाळाचे स्वतःचे इन्सुलिन या सगळ्याला प्रतिसाद देते आणि त्या प्रतिसादातून स्नायू किती, चरबी किती, हे ठरत जाते. परिस्थिती, संप्रेरक आणि जनुक यांच्यातली सीमारेषा इथे दाखवता येत नाही. कोणाचा वाटा किती टक्के, हा प्रश्नच मला त्यामुळे चुकीचा वाटतो. भाकरीत पिठाचा वाटा किती आणि विस्तवाचा किती, असे आपण विचारत नाही.

मात्र या ज्ञानाचा एक दुरुपयोग टाळायला हवा: दोष आईच्या माथी मारण्याचा. त्याच सहा गावांतल्या अभ्यासात दिसले की ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे मोठी होती. ज्या शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसत, त्यांची लहान. भाजी कोणाच्या ताटात किती पडावी आणि पाण्याचा हंडा कोणी आणावा, हे ती एकटी कुठे ठरवते? १६३१ च्या दुष्काळाच्या खुणा आजच्या बऱ्हाणपूरकरांच्या शरीरात आहेत, असे म्हणायला आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. केळीच्या बागेत दिवसभर राबून घरी सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई सगळीकडे पाऊस पडलेल्या वर्षीही आपला दुष्काळ भोगत असते.

पुण्याच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हते. सरकारी गोळ्यांतून लोह आणि फॉलिक ॲसिड (फोलेटचेच रूप) मिळते. बी-१२ त्यांत नसते. शिवाय दिवस गेल्याचे कळून नोंदणी होईपर्यंत बाळाच्या अवयवांची घडण सुरू झालेली असते. म्हणूनच याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये त्याच गावांतल्या, तोवर वयात आलेल्या त्या मुलामुलींना लग्नाआधीच बी-१२ द्यायला सुरुवात केली. मुलींबरोबर मुलांनाही दिले, याचे मला विशेष वाटते. बऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार-नेपानगरच्या आदिवासी पाड्यांत, पोषणाचे काम गर्भवतीच्या नोंदवहीपासून सुरू न होता आठवी-नववीच्या वर्गापासून सुरू व्हायला हवे, आणि त्या वर्गातली मुलगी घरी भावाच्या बरोबरीने, त्याच पंगतीत जेवायला बसायला हवी.