धावणारा आणि घरंगळणारा

माणूस धावतो आणि चेंडू घरंगळतो. दोन्ही जागा बदलतात, तरी भाषावैज्ञानिक बेथ लेव्हिन यांनी इंग्रजीतली ‘रन’ आणि ‘रोल’ ही क्रियापदं दोन वेगळ्या गटांत ठेवली. १९९३ साली आलेल्या त्यांच्या ‘इंग्लिश व्हर्ब क्लासेस अँड ऑल्टरनेशन्स’ या ग्रंथात ३,००० हून अधिक क्रियापदांची वर्गवारी आहे. त्यात गतिवाचक क्रियापदांचा वेगळा विभाग आहे आणि त्या विभागातली ही एक रेषा मला फार मोलाची वाटते. ‘रोल’, ‘स्लाइड’, ‘ड्रिफ्ट’ या हालचालींवर हलणाऱ्याचा ताबा असावाच लागत नाही. उतार लागला, वारा आला, कुणी ढकललं, की झालं. ‘रन’, ‘वॉक’, ‘क्रॉल’, ‘लिंप’ यांत मात्र हलणारा बहुधा आपल्या बळावर हलतो. शब्दांची वर्गवारी करता करता ही हालचाल नेमकी कुणाची, या प्रश्नापर्यंत येऊन पोचावं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

ही रेषा त्यांनी नुसत्या अर्थाचा विचार करून ओढलेली नाही. क्रियापद वाक्यात कसं वागतं, ते त्या पाहतात. चेंडू ‘रोल’ होतो आणि मुलगी चेंडू ‘रोल’ करते, दोन्हीकडे इंग्रजीत शब्द तोच चालतो. ‘अराइव्ह’ असं वळत नाही. मूल शाळेत पोचलं म्हणता येतं, आईने मुलाला पोचवलं या अर्थी तो शब्द वापरता येत नाही. ‘जंप’ची गत आणखी वेगळी. स्वार घोड्याला कुंपणावरून उडी मारायला लावतो, तेव्हाही इंग्रजीत ‘जंप’च येतं, पण उडी घोड्याच्याच पायांची असते, आणि कशावरून किंवा कुठवर, हे अशा वाक्यात सहसा सांगावंच लागतं. सारखं वागणाऱ्या क्रियापदांच्या अर्थातही काही समान धागा असतो, हे लेव्हिन यांचं गृहीतक. माणसाची पारख वागण्यावरून करावी, तशी ही शब्दांची पारख.

‘अराइव्ह’च्या गटातली ‘एंटर’, ‘डिसेंड’, ‘रिटर्न’ ही क्रियापदं कुठे ते सांगतात, कसं ते सांगत नाहीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेली ही मंडळी. ‘वॉक’, ‘क्रीप’, ‘लीप’ ही जुनी, घरची. आणि चालण्या-धावण्याचा ढंग सांगणाऱ्या अशा शब्दांची लेव्हिन यांची यादी शंभराच्या वर जाते. क्रियापद ‘कसं’ सांगतं की ‘कुठे’, याच मुद्द्यावर भाषावैज्ञानिक लेनर्ड टॅल्मी यांनी भाषांची विभागणी केली. इंग्रजी ढंग क्रियापदात भरते आणि दिशा ‘इन’, ‘आउट’, ‘अप’ अशा छोट्या शब्दांवर सोपवते. स्पॅनिशमध्ये दिशा क्रियापदातच असते. डॅन स्लोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्सर मायर यांचं बेडकाचं, शब्द नसलेलं चित्रपुस्तक निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांपुढे ठेवलं. ढोलीतून घुबड निघतं त्या चित्रावर इंग्रजी बोलणारे ते कसं निघालं हे पुष्कळदा सांगतात, स्पॅनिश बोलणारे बहुतेक बाहेर आलं एवढ्यावर थांबतात.

मराठी इथे स्पॅनिशच्या बाजूची. आपण ‘धावत आत शिरला’ म्हणतो. पण म्हणून मराठीला ढंगाचं भान कमी, असं कुणी म्हटलं तर मला ते मुळीच पटणार नाही. तुरुतुरु, झपझप, दुडुदुडु, लुटुलुटु: आपला ढंग क्रियापदाच्या शेजारी उभा असतो. नुसती क्रियापदं मोजणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

इंग्रजीतल्या या गतिवाचक क्रियापदांत सगळ्यात सुंदर कोडं ‘क्लाइंब’चं आहे. भाषावैज्ञानिक चार्ल्स फिलमोर यांनी दाखवलं की त्यात दोन अर्थ एकत्र नांदतात: वर जाणं आणि हातापायांनी धरत सरकणं. दोन्हींपैकी एक गळाला तरी शब्द टिकतो. माकड झाडावरून खाली येतं, तिथे ‘क्लाइंब’ चालतं, कारण पकड आहे. गोगलगाय खांबावर वर जाते, तिथेही चालतं, कारण चढ आहे. तीच गोगलगाय खाली येऊ लागली, की इंग्रजी बोलणारा अडखळतो आणि दुसरा शब्द शोधतो.