त्याला काय आठवणार?

डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या टिळक चौकात ज्या घरांतली मुले आज कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा लंडनला आहेत, त्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. डिस्नेलँडचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतात, दीड-दोन वर्षांचे बाळ मिकीचे कान घालून बाबागाडीत गाढ झोपलेले असते, आणि कोणीतरी म्हणते, ‘हौस म्हणून ठीक आहे, पण त्याला काय आठवणार आहे?’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. बऱ्याचदा त्यात थोडी थट्टा असते आणि थोडी काटकसरीची जुनी सवय. पण या मोजक्या शब्दांत एक अख्खा सिद्धांत गृहीत धरलेला आहे: जे सुख पुढे आठवत नाही, ते वाया गेले. हा सिद्धांत खोटा आहे असे माझे म्हणणे आहे. आणि तो खोटा ठरला, तर त्याचे परिणाम सहलीच्या खर्चाशी थांबत नाहीत. परदेशात संसार आणि इथे आईवडील अशा दोन टोकांवर जगणाऱ्या कुटुंबांना ते फार आतपर्यंत लागतात.

आठवणार नाही, हे मात्र खरेच आहे. मोठ्या माणसांना आपली पहिली आठवण विचारली, तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते, असे मानसशास्त्र शंभराहून अधिक वर्षे सांगत आले आहे. फ्रॉइडने १९०५ साली या विस्मृतीची चर्चा केली. तिची कारणे त्याने सांगितली ती आज फारसे कोणी मानत नाही, पण घटना सर्वमान्य आहे. डिस्नेलँडवाल्यांनाही ती माहीत असावी. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट लागत नाही, म्हणजे पार्कच्या हिशोबात ते अजून गिऱ्हाईकच नव्हे. पण विस्मृतीची ही गोष्ट वरवर दिसते तेवढी सरळ नाही. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया बाऊर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना आईबरोबर गप्पा मारत अलीकडच्या घटना आठवायला लावल्या, आणि काही वर्षांनी त्याच घटनांबद्दल पुन्हा विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्के किंवा अधिक घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांपेक्षा कमी. म्हणजे लहान मुलाच्या मनात आठवण तयारच होत नाही असे नाही. ती होते, काही वर्षे टिकते, मग विरते. ‘त्याला काय आठवणार’ म्हणणारा विसाव्या वर्षी जाऊन तपासणी करतो आणि मधली सगळी वर्षे शून्यात मोजतो.

विसाव्या वर्षाची साक्षच अंतिम का मानायची? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या प्रश्नाला जुने उत्तर आहे. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत असे मांडले, की माणूस काल होता तोच आज आहे, कारण त्याची जाणीव आठवणीतून मागे पोचते. हे खरे धरले, तर विसरलेले बालपण आपले नव्हेच. ते दुसऱ्या कोणाचे तरी आयुष्य. थॉमस रीडने १७८५ साली यावर एक खोडसाळ उदाहरण दिले. लहानपणी फळे चोरली म्हणून मार खाल्लेला मुलगा पुढे तरुण अधिकारी होतो, त्याला तो मार आठवतो. मग तो म्हातारा सेनापती होतो, त्याला तरुणपणचा पराक्रम आठवतो पण लहानपणचा मार आठवत नाही. लॉकच्या नियमाने सेनापती हा तो अधिकारी आहे, अधिकारी हा तो मुलगा आहे, पण सेनापती तो मुलगा नाही! आपल्याकडच्या नैयायिकांनी हा घोळ होऊच दिला नाही. त्यांनी ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आणि स्मृतीला प्रमेचा, म्हणजे यथार्थ अनुभवाचा, मान दिला नाही. अनुभव आधी, त्याचा ठसा नंतर, आणि ठशापासून स्मृती. नंतर येणारी गोष्ट आधीच्या गोष्टीचे मोल ठरवू शकत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो, की तुझे-माझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते ठाऊक आहेत, तुला नाहीत. पुनर्जन्म मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण अर्जुनाला आठवत नाही म्हणून ते जन्म झालेच नाहीत, असा युक्तिवाद तिथे कोणी करत नाही. हेच रोखठोक भाषेत: गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. आज परदेशात आईबाप झालेल्या कितीतरी ठाणे-डोंबिवलीकरांचे बालपण तिथल्या पाळण्यांत गेले. पार्क बंद झाले म्हणून त्या दिवसांचा आनंद रद्द झाला असे कोणी म्हणणार नाही. मग जागा नाहीशी झाल्याने जे होत नाही, ते आठवण नाहीशी झाल्याने कसे होईल?

यावर सहज सुचणारा आक्षेप असा, की हा सगळा शब्दच्छल आहे. दोन वर्षांच्या मुलाचा तासाभराचा आनंद एवढा मोलाचा मानायची गरज काय? या आक्षेपाची परीक्षा सुखावर करू नये, दुःखावर करावी. एखादे सुख आठवणार नाही म्हणून त्याला किंमत नाही, तर आठवणार नाही अशा वेदनेलाही किंमत नाही असे म्हणावे लागेल. आणि हे काल्पनिक नाही. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिका-युरोपातल्या मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांवर शस्त्रक्रिया अत्यंत अपुरी भूल देऊन, कधी केवळ स्नायू सैल करणारे औषध देऊन, होत असत. भूल बाळाला झेपणार नाही ही भीती त्यामागे होती. पण बाळाला वेदना नीट कळत नाही आणि कळली तरी आठवत नाही, ही समजूतही होती. मूळचे भारतीय डॉक्टर कन्वलजीत आनंद ऑक्सफर्डला संशोधन करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले, की पुरेशी भूल मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण लक्षणीय कमी असतो आणि शस्त्रक्रियेनंतर ती अधिक चांगली सावरतात. त्यानंतर वैद्यकाची रीत बदलली. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण तो येण्यासाठी त्या बाळांपैकी कोणाला मोठेपणी ती वेदना आठवते का, हे आपण विचारत नाही. त्या क्षणी ती होती, एवढे पुरते. आता हाच न्याय हसण्याला लावायला नकार द्यायचा असेल, तर दुःखाचे मोल क्षणात आणि सुखाचे मोल स्मृतीत का, याचे उत्तर द्यावे लागेल. मला तरी ते कुठे सापडलेले नाही.

आपला धर्माचारही या प्रश्नावर मुलाच्या बाजूने उभा आहे, आणि गंमत म्हणजे ‘त्याला काय आठवणार’ म्हणणारी घरे तो आचार मनापासून पाळतात. षोडश संस्कारांच्या प्रचलित यादीत जन्मानंतरचे पहिले सहा, म्हणजे जातकर्म, नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन, चूडाकर्म आणि कर्णवेध, हे बहुधा अशा वयात होतात ज्यातले पुढे काहीच आठवत नाही. निष्क्रमणात बाळाला चौथ्या महिन्यात पहिल्यांदा घराबाहेर आणून सूर्य दाखवायचा. मुलाला मुद्दाम बाहेर नेऊन काहीतरी भव्य दाखवण्याची ही सर्वांत जुनी सहल म्हणायला हरकत नाही. आपल्याकडचे बारसे, उष्टावण, जावळ, कान टोचणे यांतले एकही बाळाच्या लक्षात राहत नाही. आणि बोरन्हाण! संक्रांतीच्या सुमारास बाळाला काळे झबले, हलव्याचा मुकुट, हलव्याचे हार, हलव्याची बासरी. चौरंगावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे आणि आता चॉकलेटेही ओतायची. शेजारपाजारची पोरे वेचायला तुटून पडतात आणि मधोमध बसलेला उत्सवमूर्ती कधी खुदखुदतो, कधी भोकाड पसरतो. हलव्याच्या दागिन्यांचे हेच डबे डोंबिवली-ठाण्याहून बॅगेत बसून डॅलस आणि सॅन होजेला जातात. ज्या आजीने हौसेने ते पाठवले, तिने डिस्नेलँडच्या फोटोखाली ‘त्याला काय आठवणार’ लिहावे, यात विसंगती आहे. माझ्या मते बोरन्हाणाच्या वेळी ती बरोबर असते.

इथे जाणकार अडवतील. संस्कारांमागे आनंदाचा विचार नाही, ठशाचा आहे, असे ते म्हणतील. कृती विसरली तरी तिचा परिणाम आत राहतो, ही ती श्रद्धा. न्यायसूत्रांत तर नवजात बाळाचे हर्ष, भय आणि दूध पिण्याची ओढ यांवरूनच पूर्वजन्मीच्या अभ्यासाचे अनुमान काढले आहे. याचीच आधुनिक आवृत्ती पालकत्वाच्या पुस्तकांत भेटते: आठवले नाही तरी मेंदूची वाढ होते, आईबापांशी नाते घट्ट होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असू शकेल. जवळिकीने मूल निर्धास्त होते हे तर उघड आहे. पण सगळे मोल या ठशावर टाकले, की आपण मूळ चुकीकडेच परत येतो. सुख पुढे कशाच्या तरी उपयोगी पडले तरच खरे, हा आग्रह तसाच राहतो. स्मृतीच्या खात्यातून काढून विकासाच्या खात्यात भरलेली ती मुदतठेव असते. ब्रह्मसूत्रांनी याहून मोकळी वाट दाखवली आहे. परिपूर्ण ब्रह्माने जग का निर्माण करावे, या प्रश्नाला तिथे उत्तर आहे लीला, आणि शंकराचार्य त्यावर भाष्य करताना दाखला देतात तो काही मिळवायचे उरलेले नसताना क्रीडावनांत रमणाऱ्या राजाचा. खेळाला खेळापलीकडचे प्रयोजन नसते, ही उणीव नसून खेळाची पूर्णता आहे असे हे भाष्य सुचवते. दोन वर्षांचे मूल या राजाच्या सर्वांत जवळ आहे. ते पार्कमध्ये काय करते बघा: प्रचंड पैसा ओतून उभारलेल्या किल्ल्याकडे पाठ फिरवून ते बदकांच्या मागे पळते, कारंज्याच्या शिंतोड्यांत पाय आपटते. मोठ्यांचा विरस होतो, कारण फोटो किल्ल्यासमोर हवा असतो. आठवणीच्या सिद्धांताचा हा दुसरा अवतार, आणि तो परदेशातल्या आईबापांत जास्त आढळतो. ‘आठवणार नाही म्हणून नेऊ नका’ म्हणणारे आजोबा आणि ‘आठवण राहावी म्हणून इकडे बघ’ म्हणत झोपेला आलेल्या मुलाला उन्हात उभे करणारा बाप, दोघेही त्या समोरच्या दुपारला पुढच्या कुठल्या तरी दिवसाचा नोकर मानतात.

खर्चाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मान्य करायला हवा. मुलाला बदकेच हवी असतील, तर ठाण्याच्या मासुंदा तलावाचा काठ पुरतो. प्लॅटफॉर्मवर उभे राहून लोकल बघण्यात कल्याणचे मूल तासभर रंगते. म्हणून कोणी तिकिटाचे पैसे वाचवले तर तो शहाणपणाच आहे. मोठ्या वयात नेले तर आनंद आणि त्याची आठवण असे दोनदा मिळते, हेही खरे. फक्त दुसरे नाही म्हणून पहिलेही नाही, असे म्हणू नये.

कारण हेच वाक्य वळून सर्वांत जास्त ज्याला लागते, तो आजीचा मुक्काम आहे. बाळंतपणासाठी किंवा नातू सांभाळायला डोंबिवलीची आजी अमेरिकेला जाते. व्हिसाच्या नियमांत बहुधा सहा महिने मिळतात. त्या सहा महिन्यांत तिच्याच हातचा मऊ भात, तिच्याच खांद्यावरची झोप. मग ती परतते, आणि दोन वर्षांनी भेट होते तेव्हा मूल आईच्या पाठीमागे लपते. व्हिडिओ कॉल ओळख टिकवतो, मांडी टिकवत नाही. आठवणच सर्वस्व असेल, तर ते सहा महिने पाण्यात गेले असे आजीला सांगावे लागेल. दुसऱ्या टोकाला असे आईवडील आहेत ज्यांची स्मृती वयाने ढासळली आहे. परदेशातला मुलगा रजा काढून येतो, चार दिवस बापाचा हात धरून बसतो, आणि तो विमानात बसण्याआधीच तो आला होता हे वडील विसरलेले असतात. ‘त्यांना कळतच नाही, येऊन काय उपयोग?’ असे नातेवाईक समजुतीच्या सुरात म्हणतात. पण हात धरलेला असताना त्यांचा चेहरा निवळतो, ते शांत जेवतात, हे जवळची माणसे बघतातच. नातवाला आणि आजोबांना एकच नियम लागू आहे. जो नियम विस्मृतीत गेलेल्या माणसाची भेट निरर्थक ठरवतो, तो स्वीकारण्याआधी माणसाने दहादा थांबावे.

अर्थात ही बाजू पत्करली की ती फक्त दिलासा देत नाही, किंमतही मागते. परदेशात दोघेही नोकरीला, पाळणाघराचे शुल्क डोळे पांढरे करणारे. म्हणून काही घरे वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला ठाण्या-डोंबिवलीला आजी-आजोबांकडे ठेवतात आणि वर्षभराने परत नेतात. सोडताना आणि नेताना, दोन्ही वेळा मूल ज्या माणसांना बिलगलेले असते त्यांच्यापासून सुटते, आणि दोन्ही वेळा सगळे एकमेकांना धीर देतात: ‘दोन दिवस रडेल, मग विसरेल.’ विसरेलही. पण विसरलेला आनंद आनंदच होता असे म्हणणाऱ्याला विसरलेले रडणे बाद करता येत नाही. अशी व्यवस्था करूच नये, असे यातून निघत नाही. नोकऱ्या, व्हिसा आणि पैसा यांपुढे पुष्कळदा दुसरा मार्ग नसतो, आणि आजीच्या घरी मूल सुखातही असते. निघते ते एवढेच, की निर्णय घेताना ते दोन दिवस मोजायचे. मूल ओळखीचे होईपर्यंत आईने सोबत राहायचे, की आजीनेच विमानात बसून तिकडे महिनाभर जायचे, की रजा संपलेली असतानाही आणखी आठवडा मागायचा, असे प्रश्न मग तिकिटे काढण्याआधी विचारावे लागतील. त्यांची उत्तरे प्रत्येक घरात वेगळी येतील.