आधी विचारा, मग छेद घ्या

शस्त्रक्रियेसाठी मुहूर्त काढणाऱ्या नातेवाइकांना आपण अंधश्रद्ध म्हणतो. मग शस्त्रक्रिया आटोपल्यावर सुरक्षा चेकलिस्टचे सगळे रकाने एका दमात भरून सही ठोकणाऱ्या सुशिक्षितांना काय म्हणावे? न केलेल्या तपासणीवरची खूण हे कर्मकांडच, आणि त्याची किंमत मोजतो तो भुलेखालचा माणूस.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ही १९ मुद्द्यांची यादी जगापुढे ठेवली. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गावंडे यांचे वडील तेलंगणातल्या आपल्या आदिलाबादच्या शेजारच्या, पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तिच्या वापराची जाहीर नोंद देणे रुग्णालयांना सक्तीचे केले, पण २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. फर्मान काढले म्हणजे सवय बदलते असे नाही, एवढे तरी यातून शिकावे.

सवय बदलायची तर सुरुवात भाषेपासून हवी. आदिलाबादमध्ये रुग्ण मराठी, गोंडी, कोलामी किंवा तेलुगू बोलतो. अनोळखी भाषेतल्या प्रश्नाला घाबरलेला माणूस नुसती मान डोलावतो. ती संमती नव्हे. त्याच्या भाषेत विचारा. नाव त्याने स्वतः सांगावे, हर्निया कुठल्या बाजूचा हे बोटाने दाखवावे. त्यानंतरच भूल द्यावी.

‘वेळ कुठे आहे?’ हा पहिला आक्षेप. ही तपासणी काही मिनिटांची आहे. पोटात राहिलेला मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापड, काढायला पुन्हा पोट उघडावे लागते. ‘आमचा अनुभव पुरेसा आहे,’ हा दुसरा. अनुभवी माणूसही थकतो, विसरतो. त्या आठ रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना विचारले गेले, ‘शस्त्रक्रिया तुमच्यावर होणार असेल तर यादी हवी का?’ ९३ टक्के ‘हो’ म्हणाले. स्वतःसाठी जे हवे, ते गोरगरीब रुग्णाला नाकारायचे कोणत्या नीतीने?

खरी अडचण उतरंडीची आहे. ‘सर, एक मॉप कमी भरतोय,’ असे म्हणणाऱ्या सिस्टरवर डोळे वटारले जात असतील, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील. म्हणून तपासणीची सुरुवात सर्जननेच मोठ्याने करावी. ‘थांबा’ म्हणण्याचा सिस्टरचा अधिकार लेखी असावा. अधीक्षकांनी भरलेले कागद मोजत न बसता अधूनमधून थिएटरमध्ये उभे राहून पाहावे.

आणि नागरिकांनो, संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा: इथे तपासणी मोठ्याने होते का? चूक दिसली तर सर्जनला थांबवायची मुभा सिस्टरला आहे का? हे विचारणे डॉक्टरांवरचा अविश्वास नाही. तो तुमचा हक्क आहे.