त्याग आणि निवड

ख्रिस्ती धर्मांत पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळण्याची जुनी चाल आहे. पाश्चात्य मंडळ्यांत त्याचा आरंभ राखेच्या बुधवारीं होतो. त्या दिवसापासून सणाच्या आदल्या दिवसापर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात. परंतु मधले सहा रविवार आनंदाचे म्हणून गणनेंतून वगळतात. ख्रिस्तानें अरण्यांत चाळीस दिवस उपवास केला, त्याचें हें स्मरण होय.

आतां प्रश्न असा कीं, अन्न सोडल्यानें आत्म्यास काय लाभतें? आणि तें आज्ञेनें सोडलें तर त्याचें मोल काय? सन १५२२ च्या उपवासकाळांत स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरीं क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरीं कांहीं मंडळींनीं नियम मोडून मांस खाल्लें. कामाचा बोजा मोठा, कामकऱ्यांना एवढ्यातेवढ्यावर पुरे पडत नाहीं, असें मुद्रकाचें म्हणणें. धर्मोपदेशक झ्विंग्ली तेथें हजर होता. त्यानें स्वतः मांसास हात लावला नाहीं. पण पुढें व्यासपीठावरून त्यानें खाणारांचाच पक्ष घेतला. ज्यास उपवास करावयाचा त्यानें खुशाल करावा. न करणारास पापी ठरवूं नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता.

या प्रसंगांत मला विचारणीय वाटतें तें झ्विंग्लीचें न खाणें. स्वातंत्र्य मागणें आणि तें उपभोगून टाकणें या दोन गोष्टी एक नव्हेत. जें निषिद्ध आहे तें टाळणें हें केवळ कर्तव्य. जें मोकळें आहे तें आपण होऊन सोडणें, यालाच त्याग हें नांव शोभतें. या दृष्टीनें सक्ती उठली म्हणजे त्याग संपत नाहीं. खरें पाहतां तो तेव्हांच शक्य होतो. रोमन मंडळीनेंही १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांच्या आज्ञेनें सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांवर आणले.

यावर कोणी म्हणेल, मोकळीक मिळतांच माणूस उपवासच सोडून देतो. हा आक्षेप हलका नाहीं. सारा गांव उपाशी असतां दुबळ्या मनासही धीर येतो. एकट्याचा निश्चय दुपारीं भूक लागतांच डळमळतो. परंतु नुसत्या रूढीचें फळ काय, हें 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपली म्हण सांगतच आहे. रूढीनें हात धरावा. चालावें मात्र आपलें आपणच.

स्वेच्छेच्या त्यागाला दुसराही एक रोग जडतो. आज्ञेनें उपाशी राहणारास मिरविण्याजोगें कांहीं नसतें. आपखुषीनें राहणारास असतें. म्हणूनच मत्तयाच्या शुभवर्तमानांत, उपवास करणारानें तोंड धुवावें, डोक्यास तेल लावावें, म्हणजे लोकांस तो दिसूं नये, असा उपदेश आहे. देहाचा लोभ जिंकून अहंकार पोसला, तर एक धनी जाऊन दुसरा आला, इतकेंच.

मग त्यागाची कसोटी कोणती? ज्याच्या घरीं अन्नच नाहीं तो उपवास करीत नाहीं. तो उपाशी असतो. निवड करण्याची ऐपत ज्यास आहे, त्याच्याच वांट्याला हें व्रत येतें. यशया संदेष्ट्यानें याच ठिकाणीं बोट ठेवलें: जुलमाचें जूं मोडावें, भुकेल्यास आपल्या भाकरींतून वांटा द्यावा, हाच देवाला आवडणारा उपवास. तेव्हां चाळीस दिवसांच्या अखेरीस, मी किती घांस सोडले, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. सोडलेला घांस कोणाच्या मुखीं पडला, हें विचारावें. त्याचें उत्तर ज्यास देतां येईल, त्यानेंच अन्नाहून कांहीं मोठें निवडलें.