हुकूम आणि सही

सरकार माणसाच्या मनावरही पहारा बसवतं, अशी ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी १९४९ साली निघाली. नळदुर्गजवळच्या आमच्या जळकोटला ती जरा उशिराच पोचली म्हणायची! १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथं निजामाचा अंमल. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी काढा! लोकांनी सत्याग्रह केले, तुरुंगात गेले. काय बोलायचंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आज चहाच्या टपरीवर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी तोंड उघडण्याआधी आपण आजूबाजूला बघतो आणि 'जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!' म्हणून आणखी अर्धा कप मागवतो. आता या हुकमाविरुद्ध सत्याग्रह कुणाच्या दारात करायचा? खाली सही आपलीच!